व्हॉल्व्ह नाही, तरी पाणी एकाच दिशेला: व्हिडिओ बनावट नाही

एका व्हिडिओत पाण्याने भरलेली गोल नळी एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबली की पाणी एकाच दिशेने फिरताना दिसतं. त्यावर दावा असा फिरतोय: ‘एकाच जागी नळी दाबली की पाणी दोन्हीकडे सारखंच सरकणार, सोडली की तेवढंच परत येणार. एका दिशेने वाहायला व्हॉल्व्ह किंवा रोलर हवाच. म्हणून तो गोल नळीचा व्हिडिओ बनावट.’

‘दोन्हीकडे सारखंच’ हे खरं आहे, पण नळी बरोबर मध्यावर दाबली तरच. मऊ नळीची दोन्ही टोकं कडक पाइपला जोडलेली असतात. दाबल्यावर उठलेली लाट त्या सांध्यावर आपटून परतते. एका टोकाजवळ दाबलं तर तिकडची लाट आधी परतते, लांबची उशिरा. मग पुढचा ठोका पडतो (म्हणजे नळी पुन्हा दाबली जाते) तेव्हा दोन्ही बाजूंचा दाब सारखा उरत नाही, आणि पाणी एका बाजूला सरकतं. गेरहार्ट लीबाउ या जर्मन डॉक्टरांनी १९५४ मध्येच या तत्त्वावर लिहिलं होतं.

‘मग हा रोलर पंपच झाला.’ नाही. डायलिसिस मशीनमधला रोलर नळी चेपत पुढे सरकतो. फेरे दुप्पट तर प्रवाह साधारण दुप्पट. इथे दाबायची जागा हलत नाही आणि ठोके वाढवले की प्रवाह कधी वाढतो, कधी पडतो, कधी चक्क उलटा वळतो. रोलर असं करत नाही.

‘हृदयालासुद्धा झडपा लागतात.’ पूर्ण वाढलेल्या हृदयाला, हो. पण गर्भाचं नळीसारखं हृदय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धडधडायला लागतं, झडपा नंतर बनतात. मात्र ते लीबाउच्या तत्त्वावर चालतं की आतड्यासारख्या आकुंचनावर, यावर अजून एकमत नाही.

‘आम्ही करून पाहिलं, जमलं नाही.’ बहुतेकदा नळीच चुकलेली असते. सलाइनची नळी अरुंद आणि ताठ. लाट उठायच्या आत घर्षणात विरते. सुमारे १५ सेंमी लांब, २ सेंमी व्यासाची, १ मिमीपेक्षा पातळ भिंतीची लॅटेक्स नळी घ्या. उरलेलं वर्तुळ तेवढ्याच व्यासाच्या कडक पाइपचं. पाण्याखाली बुडवून जोडा, कारण अडकलेला हवेचा बुडबुडा लाट गिळतो. टोकापासून पाव अंतरावर दाबा. नळी पूर्ण बंद व्हायची गरज नाही. दिशा कळायला शाईचा थेंब सोडा. हाताने ठोके एकसारखे पडत नाहीत, म्हणून मोटरवर कॅम (फिरताना नळीवर ठोके देणारी, मध्य सोडून बसवलेली चकती) बसवा आणि वेग हळूहळू वाढवत न्या.

एवढं मात्र कबूल: यातून दाब फारच थोडा मिळतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला हा कामाचा नाही, आणि ठोके थांबले की पाणी परत फिरायला अडवणारं काहीच नसतं.