‘परवडले’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

खानापूरकर यांस,

सप्रेम नमस्कार. ‘दिल्लीकडे लागलेले डोळे’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम चार दिवस थांबलो. लेखात मी असे म्हटले होते की सीमाभागातल्या, म्हणजे महाराष्ट्रात येऊ पाहणाऱ्या पण कर्नाटकात राहिलेल्या बेळगावकडच्या मराठी मुलखातल्या, आमच्या वडीलधाऱ्यांनी प्रत्येक अपेक्षाभंगानंतरही राष्ट्रीय नेत्यांकडे दाद मागणे सोडले नाही. आजचे पंचविशीतले तरुण मात्र कोणत्याही नेत्याचे वाक्य संपण्याआधीच मान फिरवतात, आणि या दोहोंत मला दुसरी गोष्ट अधिक चिंतेची वाटते. त्यावर आपण लिहिले आहे : ‘काका, तुमच्या पिढीला भाबडी आशा ठेवणे परवडले, कारण तिची किंमत आम्ही मोजतो आहोत.’ याखेरीज आपण नोकऱ्या, मराठी शाळा, निवडणुका आणि माझी एक चूक यांबद्दलही लिहिले आहे.

चुकीपासून सुरुवात करतो. या सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात महाराष्ट्राला २४७ गावे देऊ केली होती, असे मी लिहिले, ते चूक आहे. महाराष्ट्राकडे यायची ती २६४ गावे होती, ज्यांत निपाणी, खानापूर आणि नंदगडही होते. २४७ हा आकडा तेव्हाच्या म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्याला द्यायच्या गावांचा आहे. आकड्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली. लेखात दुरुस्ती केली आहे आणि आपण ती दाखवून दिलीत याबद्दल आभारी आहे.

आता आपल्या त्या वाक्याकडे येतो. आपण मला ‘काका’ म्हटले आहे. आमच्याकडे हा शब्द घरच्या माणसाला वापरतात आणि घरच्या वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत ‘भाबडा’ म्हणत नाहीत. आपले मत कितीही कठोर असते तरी मी ते निमूट ऐकून घेतले असते. मात्र ज्या सुरात ते मांडले आहे तो सूर वादाचा नाही, कीव करण्याचा आहे, आणि कीव करून घेण्यासाठी मी लिहीत नाही. शिवाय माझे आजोबा, वडील आणि मी अशा तिघांना आपण एकाच ‘पिढीत’ बसवले आहे. ज्या विषयावर आपण मला चार गोष्टी शिकवू पाहता, त्या विषयात किमान एवढा फरक तरी आपल्या लक्षात यायला हवा होता.

आणि ‘परवडले’? हा हिशेबाचा शब्द आहे, म्हणून हिशेबच सांगतो.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन. माझे आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि तालुक्याच्या पश्चिमेकडील आमच्या गावातून चालत टिळकवाडीला गेले होते. त्या माणसाला पाहिल्यानंतर देशाचा नेता या कल्पनेवरचा त्यांचा विश्वास मरेपर्यंत गेला नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात सीमा आंदोलकांवर गोळीबार झाला, त्या दिवशी माझे वडील चोवीस वर्षांचे होते आणि शहरातच होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि सकाळी उठल्यावर आमचे भाताचे शेत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेले होते. १९५८ च्या साराबंदीत आजोबांनी सारा भरला नाही, म्हणून घरावर जप्ती आली. तांब्याचा हंडा, दोन घागरी आणि दुभती म्हैस नेली. माझी आत्या तेव्हा तान्ही होती, तिला पुढचे काही महिने शेजाऱ्यांच्या घरचे दूध मागून आणावे लागले. आजीने ही गोष्ट मला पन्नास वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी तिला म्हशीचे दुःख व्हायचे, आजोबांच्या निर्णयाचे कधीच नाही. ही त्यांची ‘परवडलेली’ आशा.

वडिलांचे तर आणखीच निराळे होते. दर १ नोव्हेंबरला, म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधार्थ निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीहून परतल्यावर ते पंतप्रधानांना एक पत्र लिहीत, त्याची नक्कल पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. नेहरूंना, शास्त्रींना, इंदिरा गांधींना. १९५६ च्या गोळीबाराच्या वेळी मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि आमच्या घरात त्यांचे नाव चांगल्या शब्दांत कधी निघाले नाही. तरीही १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाल्यावर वडिलांनी त्यांनाही पत्र लिहिले. मी तेरा वर्षांचा होतो. ‘यांना कशाला?’ असे मी विचारले, तेव्हा वडील म्हणाले, ‘आपण विचारलेच नाही, असे त्यांना म्हणता येऊ नये.’ हा भाबडेपणा असेल तर त्या शब्दाचा अर्थ मला नव्याने शिकावा लागेल. वडिलांना नेते थोर वाटत नव्हते. नेत्याने उत्तर द्यायला हवे आणि ते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यांना वाटत होते.

माझ्याबद्दल विचाराल तर १९८६ च्या जूनमध्ये मी बावीस वर्षांचा होतो. कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात नऊ जणांचे प्राण गेले. त्यांचे स्मारक हिंडलग्याला आहे, आपल्या तालुक्यातून बेळगावला येताना फार वळसा पडत नाही. मी अकरा दिवस कोठडीत होतो आणि नंतर सहा वर्षे तारखांना हजर राहिलो. एका कार्यालयात माझी निवड झालेली होती, ती त्या नोंदीमुळे रद्द झाली, आणि पुढची तीस वर्षे मी खासगी नोकरीत दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. तेव्हा किंमत कोणी मोजली हे मला तुम्ही सांगू नये. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तिचे मत आपल्यासारखेच आहे. मागच्या दिवाळीत ती म्हणाली, ‘बाबा, आमच्यापैकी कोणालाच दिल्लीकडून काही नको आहे, म्हणून आम्ही रागावतही नाही.’ मला त्या रात्री झोप लागली नाही. तिने मला दुखावले नाही. पण राग नसणे हेच मला भयंकर वाटले. सेनापती बापटांनी १९६६ मध्ये वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी या प्रश्नासाठी उपोषण केले, त्यानंतर केंद्राला हाच महाजन आयोग नेमावा लागला. त्या आयोगाने निराशा केली, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले, महाराष्ट्राने अहवाल नाकारला, हे सारे खरे आहे. पण दिल्लीला हलावे लागले होते, आणि ज्याची दिल्लीकडून काही अपेक्षाच नाही तो दिल्लीला कशाने हलवणार? शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत या प्रश्नाशी बांधलेले राहिले आणि २०२२ साली गेले तेही १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी. त्यांच्याइतके कठोर बोल राज्यकर्त्यांना क्वचितच कोणी सुनावले असतील. त्यांनाही आपण भाबडे म्हणणार का?

‘नेहरूंपासून शहांपर्यंत सगळे सारखेच’ असे आपण लिहिता. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना बसवून सीमाप्रश्नासाठी दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री नेमायचे ठरवले, त्याचे पुढे काय झाले, हा आपला प्रश्न मलाही पडतो. मात्र प्रश्न पडणे म्हणजे अजून अपेक्षा असणे, हे आपल्याही ध्यानात आलेले दिसत नाही.

बाकी मुद्द्यांबद्दल थोडक्यात. २०१८ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात सामील होण्यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही आणि २०२१ मध्ये बेळगाव महापालिकाही हातची गेली, हे मला ठाऊक आहे. समितीतल्या गटबाजीवर मी पूर्वी लिहिले आहे, त्याची पुनरुक्ती करत नाही. कन्नड शिकल्याशिवाय पोट भरत नाही, असे आपण म्हणता. मी कन्नड उत्तम बोलतो, आमच्या गल्लीत सगळेच बोलतात, त्यामुळे हा आक्षेप माझ्या लेखाला लागू होत नाही. महाराष्ट्राने सीमाभागासाठी २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून प्रलंबित आहे, याचा दोष माझ्या वडिलांच्या आशावादावर कसा येतो, हे आपल्या प्रतिक्रियेतून मला कळले नाही. मराठी शाळांच्या पटसंख्येचा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. वडिलांची ट्रंक माझ्याकडे आहे, सर्व पत्रे वर्षवार लावून ठेवली आहेत. आपण बेळगावला याल तेव्हा ती जरूर वाचा, मी स्वतः काढून देईन. वाचल्यानंतरही ‘भाबडी’ हा शब्द आपल्याला ठेवावासा वाटला, तर तो तसाच राहू द्या.