लाइन तो अप है

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी नवा राउटर आला. पोहे झाले, जिलबी संपली, तरी इंटरनेटचा दिवा लालच. फोनवरचा मुलगा म्हणाला, "भिया, लाइन तो अप है." तार जोडली की संसार सुरू झाला असं समजणारा हा पोरगा नक्की अविवाहित असणार.

तारेच्या दोन टोकांची आधी रीतसर बैठक बसते. पीपीपी नावाची ही रीत जुलै १९९४ च्या आरएफसी १६६१ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवलेली आहे. पहिली फेरी एलसीपीची, म्हणजे तार कशी वापरायची ते ठरवण्याची. आपला राउटर मागण्यांची यादी पाठवतो. सगळं कबूल असेल तर पलीकडून 'अ‍ॅक' येतं. 'नॅक' म्हणजे एवढं नाही, इतकं जमेल. माझ्या राउटरनं १५०० बाइटचं पाकीट मागितलं, तिकडून उत्तर आलं १४९२. आठ बाइट पीपीपीओईच्या, म्हणजे पीपीपीला इथरनेटवरून नेणाऱ्या, वेष्टनात जातात. आणि 'रिजेक्ट' म्हणजे हा विषयच काढायचा नाही. ताईच्या लग्नाच्या बैठकीत वरपक्षाच्या स्कूटरला आत्यानं दिला होता, तो.

शिवाय दोघंही मनाशी एकेक जादूचा आकडा धरतात. आपलाच आकडा परत आला, तर आपण बहुधा आपल्याशीच बोलतोय असं समजायचं. 'आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है' चौदाव्यांदा ऐकताना मलाही असा एक आकडा हवा होता.

राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पाहिलं तर बैठक पार पडली होती, गाडी पासवर्डवर अडली होती. तो तपासायच्या दोन रीती, पॅप आणि चॅप. जुन्या पॅपमध्ये पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा, आमच्या वाड्यातल्या बातम्यांसारखा. चॅप सोवळ्यातलं. पलीकडचा कोडं घालतो, आपण त्यात पासवर्ड कालवून फक्त उत्तर पाठवायचं. चुकलं तर नापास. कुठे चुकलं ते विचारायची सोय नाही.

पासवर्डची चिठ्ठी फ्रिजवर, चुंबकाखाली. मधलं अक्षर शून्य की ओ? दोन्ही घालून पाहिली. मग लहान ओ. नापास, नापास, नापास.

आईनं चष्मा लावून चिठ्ठी उलटी केली. "अरे, हे अक्षरच नाहीये. मागे 'शेव अर्धा किलो'ला मी गोल केलाय, त्याची शाई उतरलीय."

गोल वगळला. पुढे आयपीसीपीनं, म्हणजे इंटरनेटचा पत्ता ठरवणाऱ्या फेरीनं, निमूट पत्ता दिला, दिवा हिरवा झाला. मी मोठ्या ऐटीत "लाइन अप!" म्हणून ओरडलो.

"झालं ना? मग दे ती चिठ्ठी इकडे," आई म्हणाली. "शेव राहिलीय आणायची."