एक्सपायर झालेले मामंजी

मराठी बोलताना आपण इंग्रजी शब्द कसे भलतेच वापरतो, यावरच्या लेखातल्या ‘माझे मिस्टर ऑफिसला गेलेत’ला मनापासून दाद! पण ‘एक्सपायर’ राहिलंच की. मागे शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं, “अगं, आमचे मामंजी पहाटे एक्सपायर झाले.” माझ्या हातात नेमकी खोकल्याच्या औषधाची बाटली. नजर आपसूक तिच्यावरच्या तारखेकडे गेली! हसू दाबताना पुरेवाट झाली (पाप लागणार मला). गंमत म्हणजे काकूंचं चुकलेलं नाहीच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ श्वास बाहेर टाकणं, आणि इंग्रजी कोशातही ‘मरण पावणे’ आहेच. ‘रिटर्न परत आलो’ला मात्र माफी नाही. आणि मॅच हरल्यावर ‘नर्व्हस झालो’ काय? अरे, खट्टू झालास तू! नर्व्हस व्हायचं ते मॅचच्या आधी.