नऊ एमव्हीपी, आणि म्हणे एरंड!

फिलिपिन्सचा बास्केटबॉलपटू जून मार फहार्दो ह्याला नववा एमव्हीपी, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मिळाला त्या दिवसापासून रोह्याच्या पोटात दुखत होतं. शेवटी शनिवारी संध्याकाळी त्यानं ओकून टाकलं.

"ओसाड गावी एरंड बळी, दुसरं काय!"

ज्ञाना बाकड्यावर पाय वर घेऊन चिचरोन, म्हणजे डुकराच्या कातडीचे कुरकुरे, खात होता. तो लगेच काही बोलला नाही, आणि आम्हाला सगळ्यांना कळलं की आता मजा येणार.

फिलिपिन्समधल्या दावाओत आम्हा मराठी मेडिकलवाल्यांचा कट्टा म्हणजे होस्टेलमागच्या गल्लीतलं सारी-सारी, म्हणजे किरकोळ किराण्याचं दुकान. जाळीआड आते (इथल्या भाषेत ताई) बसते, बाहेर एक बाकडं आणि समोर रस्त्यातच रोवलेली बास्केट. बोर्ड प्लायवूडचा, पावसानं फुगलेला. कुठल्याशा निवडणुकीचा फलक कापून त्याला ठिगळ मारलंय, त्यावर उमेदवाराचा एक डोळा आणि अर्धं हसू अजून शाबूत आहे. पोरं चिनेलस घालून खेळतात. एखाद्याची चप्पल उडाली तर तो एका पायानं अनवाणी धावतो, त्याच्यासाठी खेळ थांबत नाही.

"हे बघ," ज्ञाना त्या पोरांकडे हात करून म्हणाला, "अकरा कोटींचा देश, गल्लीगल्लीत बास्केट. आणि तुला हे गाव ओसाड वाटतं? कोथरूडला बास्केटबॉलचं रान माजलंय वाटतं!"

रोह्या कोथरूडचा. अंगात कायम लेकर्सचा जर्सी, तोही इथल्याच बाजारातला, धुऊन धुऊन पिवळ्याचा मळकट झालेला. पहाटे उठून अ‍ॅनाटॉमी वाचणं त्याला जमत नाही, पण सकाळच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसून एनबीए बघणं जमतं. लेकर्सच्या जुन्या करीम अब्दुल-जब्बारचं नाव काढलं की त्याचा हात आपोआप छातीकडे जातो.

"करीमचे एमव्हीपी किती? सहा," रोह्या म्हणाला. "कुठल्या लीगमध्ये? एनबीएत. आणि ह्याचे नऊ कुठे? इथल्या पीबीए लीगमध्ये. अरे, सहा फूट दहा इंचाचा माणूस बुटक्यांच्यात उभा केला तर नऊ काय, एकोणीस मिळतील! वर लीगवाले बाहेरून आणलेल्या खेळाडूंची उंची मोजून घेतात. गव्हर्नर्स कपला साडेसहा फुटांच्या आसपासच आत सोडतात. फिलिपीन कपला तर परदेशी नाहीच. मग त्याला अडवणार कोण?"

"उंचीवर मिळत असतं तर पहिल्याच वर्षी मिळालं असतं," ज्ञाना म्हणाला. "२०१२ च्या ड्राफ्टला, संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिला नंबर ह्याचाच. उंची तेव्हाही एवढीच होती. रूकी ऑफ द इयर, वर्षातला सर्वोत्तम नवखा, कोण झाला? कॅल्विन अबुएवा. ह्याच्यापेक्षा वीतभर बुटका!"

रोह्याला ते आठवत नव्हतं. त्यानं पाण्याची बाटली उघडली.

"आणि ह्याच्या आधीचा विक्रम किती होता माहितीय? चार. रमोन फर्नांडेझ आणि अल्विन पात्रिमोनियो, दोघंही चारवर थांबले. १९७५ पासूनची लीग आहे, आशियातली पहिली व्यावसायिक. ह्यानं २०१४ ते २०१९ ओळीनं सहा घेतले. दरवर्षी सगळे संघ ह्याला कसं अडवायचं त्याचीच तालीम करतात, दोघं-दोघं अंगावर घालतात. तरी."

"सॅन मिगेलचे पैसे बोल ना!" रोह्यानं बाजू बदलली. "एका कंपनीच्या तीन टीम्स. ह्याची बिअरमेन त्यांची, हिनेब्रा त्यांची, मॅग्नोलिया त्यांची. चांगले खेळाडू फिरून फिरून त्यांच्याच घरात."

हा मुद्दा मात्र खोटा नाही. इथले लोकही त्यावर चिडतात. श्वेतानं मान डोलावली आणि रोह्या तेवढ्यानंच फुलला.

"पण एमव्हीपी काही मालक देत नाही," श्वेता म्हणाली. "आकडेवारी धरतात, मग पत्रकारांची मतं, मग खेळाडूंची मतं. ज्यांना हा दर आठवड्याला धक्के मारतो तेच त्याला मत देतात."

"त्या २०१६ च्या फायनलचं सांग त्याला," मी ज्ञानाला म्हणालो. मला ती गोष्ट ऐकायची असते, कितव्यांदा का असेना.

"अलास्काच्या टीमविरुद्ध सॅन मिगेल शून्य-तीन. गुडघा गेल्यामुळे हा बाहेर. सगळ्यांनी हार मानली. पाचव्या मॅचला हा परत आला आणि चार-तीन!"

"चौथी मॅच त्याच्याशिवायच जिंकली होती," रोह्या ओरडला. "घे! हे का नाही सांगत?"

"जिंकली. पण तिथून लागोपाठ तीन कुणाच्या जिवावर? पाहुण्यांच्या?"

आते आतून खुदकन हसली. तिला मराठी कळत नाही, पण फहार्दो आणि सॅन मिगेल ही नावं कळतात. ती हिनेब्राची. दुकानात फ्रीजवर हिनेब्राच्या जुन्या जावोर्स्कीचा फोटो आहे. संधी मिळाली की ती १९८५ ची हकिगत सुरू करते : कोपर लागून ओठ फाटला, हॉस्पिटलात नऊ टाके घातले, आणि गडी तोंडाला पट्टी लावून परत कोर्टवर, मागे पडलेली मॅच जिंकायला. ती बोटानं आपल्या ओठावर टाके मोजून दाखवते. त्या दिवशीही दाखवले. तिच्या मते जो रक्त पुसत परत येतो तो मोठा, एमव्हीपी कोण मोजतंय.

"परत येण्याचंच म्हणत असशील," श्वेता आतेला इंग्रजीत म्हणाली आणि मग आमच्याकडे वळली, "तर माझ्यासाठी सगळा विषय २०२० चा आहे. टिबिया, नडगीचं हाड. सरावात मोडलं. आपण ऑर्थोच्या पोस्टिंगला बघितलंय ना, टिबियाचा रुग्ण वर्षभरानंतरही पायरी उतरताना कठडा कसा धरतो? इथे एवढ्या वजनाचा माणूस, वय तिशीचं, आणि कामच उडी मारून त्याच पायावर उतरायचं. शस्त्रक्रिया झाली, २०२० चा सगळा सीझन गेला. पुढच्या वर्षी आई गेली. सहा एमव्हीपी होते, तिथेच घरी बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण २०२३ ला सातवा, २०२४ ला आठवा, आता नववा. हे तिन्ही मोडलेल्या हाडावरचे आहेत."

कुणीच काही बोललं नाही. मला विचाराल तर इथेच वाद मिटला होता. पहिल्या सहांत देवानं दिलेल्या उंचीचा वाटा असेल, मान्य. पण पस्तिशीच्या आसपास, पूर्वीची उडी राहिलेली नसताना, जागा कुठे धरायची, खांदा कधी टेकवायचा, चेंडू कुठे पडेल ह्या जाणिवेवर घेतलेले हे तीन मला त्या सहांपेक्षा मोठे वाटतात. रोह्यानं हे निदान ऐकून तरी घ्यावं.

रोह्यानं ऐकलं, आणि जपान काढलं.

"मग जपानच्या लीगमध्ये का नाही गेला? रावेना बंधू गेले, ड्वाइट रामोस गेला, काई सोत्तो गेला. ह्याला भीती!"

"अमोल मुझुमदार," ज्ञाना म्हणाला. "प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, भारताची एक टोपी नाही. त्या धावा एरंड होत्या का? आणि ह्याला तर टोपीही मिळालीय. २०२३ च्या एशियाडला सुवर्ण, १९६२ नंतर पहिलं. त्या संघात होता. पुढच्या वर्षी रिगात जाऊन लॅटव्हियाला त्यांच्याच घरात हरवलं, ८९-८०. त्याही संघात होता. भीती म्हणे!"

"पण मुलाखतीत दोन वाक्यं धड बोलत नाही तो," रोह्या म्हणाला.

हे बोलायला नको होतं.

ज्ञानानं चिचरोनची पिशवी खाली ठेवली. "तो सेबू बेटावरचा. बिसाया बोलणारा. कॉलेजही सेबूलाच केलं, मनिलाच्या मोठ्या विद्यापीठात गेला नाही. त्या उच्चारावर मनिलावाले हसतात, इथली पोरंसुद्धा सांगतील तुला. पहिल्या वर्षी फिजिओच्या व्हायवाला माझ्या इंग्रजीवर बाहेर उभं राहून कोण हसलं होतं रे?"

"अरे, ते..."

"उदगीरचं इंग्रजी म्हणून नक्कल कुणी केली? मेसमध्ये, सगळ्यांसमोर?"

मी परभणीचा. मलाही ती नक्कल आठवते. रोह्या लाल झाला, ज्ञाना त्याच्याकडे बघत राहिला, आणि श्वेतानं मध्ये उडी घेतली.

"जावोर्स्की आणि फर्नांडेझचं ठाऊक आहे ना? टोयोटाच्या संघात असतानापासून बिनसलेलं. कित्येक वर्षं. १९८९ च्या ऑल-स्टार मॅचला दोघं एकाच बाजूला आले. शेवटच्या क्षणी जावोर्स्कीनं पास दिला, फर्नांडेझनं टाकला, १३२-१३०. मग कोच दालुपाननं दोघांना हात मिळवायला लावले. चला, मिळवा."

रोह्यानं हात पुढे केला. खरंच केला. ज्ञानानं हाताकडे पाहिलं.

"आधी माझा राइस कुकर."

"कुठला कुकर?"

"जूनमध्ये नेलेला. झाकणासकट."

"झाकण तूच फोडलं होतंस!"

"फुटलं असेल, पण माझ्याकडे होतं ना!"

आता श्वेताला हसू आवरेना. आतेनं काय झालं म्हणून विचारलं, मी हातानं भात शिजवून दाखवला, आणि ती एवढी हसली की समोरच्या पोरांनी खेळ थांबवून बघितलं. रोह्या मध्येच "पण करीमला स्कायहूक होता" असं काहीतरी म्हणत होता, ते कुणाच्या कानावर गेलं नाही.

हात शेवटी मिळवले. समेट म्हणून चार सॉफ्ट ड्रिंक, दोन चिचरोन रोह्याच्या खर्चानं, असं ठरलं. तो मोठ्या दिमाखात जाळीपाशी गेला आणि आतेला म्हणाला, ज्ञानाच्या नावावर लिही.