गादी, मच्छरदाणी आणि काका

आज सकाळी सात वाजता मी गुडघे टेकून मुलीच्या रंगपेटीतला ब्रश काकडीच्या फुलात फिरवत होतो आणि कुंपणापलीकडून शेजारचे काका बघत होते. किती वेळ, कोण जाणे. मी मान वर केली तेव्हा त्यांचा कप रिकामा झालेला होता.

"रंग देतोयस?" त्यांनी विचारलं.

इथवर कसा आलो ते थोडक्यात. भाजीसाठी उंच वाफ्याचा तयार संच मागवला. लांबी ८ फूट, रुंदी ४ फूट, उंची फूटभर, वर कमानी आणि कमानींवर जाळी. सोबतच्या कागदावर शब्द एकही नाही, नुसती चित्रं. चित्रातला माणूस चौथ्या चित्रापासून हसायला लागतो. मी चौथ्या चित्राशी पोचलो तेव्हा दोन फळ्या उलट्या बसल्या होत्या आणि एक स्क्रू कमी पडत होता. चौकट काटकोनात आहे का हे बघायचं तर दोन्ही कर्ण सारखे भरायला हवेत. माझा एक भरला ९ फूट २ इंच, दुसरा ८ फूट साडेआठ. कुणीतरी मागून ढकलावं तसा वाफा तिरका उभा होता. मग माती. ८ गुणिले ४ गुणिले १, म्हणजे ३२ घनफूट, म्हणजे ९०० लिटरच्या वर. दिसायला फूटभर, भरायला विहीर. आणि भरून झाल्यावर दोन पाणी दिली की चार बोटं खाली बसते, ते वेगळंच.

काका या सगळ्याला पहिल्या दिवसापासून हजर होते. हात लावायला नव्हे, हजर.

"याला म्हणतात काय?"

"गादीवाफा." इथेच माझं चुकलं. 'खोका' म्हणालो असतो तर सुटलो असतो.

"गादी?"

"गादी नाही काका, गादीवाफा. जमिनीपासून उंच असतो म्हणून. पाणी साचत नाही, मुळांना भुसभुशीत माती मिळते."

"बरं. आणि ही मच्छरदाणी."

"कीटकरोधक जाळी."

"डास चावतात भाजीला?"

"पतंग येतात. कोबीवर अंडी घालतात. अळ्या पानं खातात."

काकांनी वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. "गादी झाली, मच्छरदाणी झाली," ते म्हणाले, "उशी?"

मी हसलो. हसायला नको होतं. एकदा दाद दिली की विनोदाला पेन्शन सुरू होते, मरेपर्यंत दरमहा. दुसऱ्या दिवशी, "झोप लागली का भाज्यांना?" तिसऱ्या दिवशी, "रात्री तुझ्या गादीवर कोण घोरत होतं रे?" चौथ्या दिवशी त्यांनी आपल्या मेव्हण्यालाच बोलावून आणलं आणि तोच विनोद त्याच्यासाठी पहिल्यापासून केला, मधल्या माझ्या उत्तरांसकट. माझी उत्तरं ते माझ्यापेक्षा चांगली देतात.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एकच सरळ प्रश्न विचारला. "काकडी पण आत लावलीस. मग मधमाशी कुठून यायची?"

मी म्हणालो, "काका, कीटकरोधक म्हणजे कीटक रोधणारी." असं तोऱ्यात म्हणालो की तो तोरा आजही आठवतो.

कोबीचं आपण पान खातो, फुलाची वाट बघत नाही. त्यावर जाळी शेवटपर्यंत चालते. काकडीला नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, आणि मी लावलेल्या जातीला तरी इकडचे पराग तिकडे न्यायला कुणीतरी लागतं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच असते. ती बघून मी घरात सगळ्यांना बोलावलं होतं. चार दिवसांत ती पिवळी पडून गळली. मग दुसरी. मग तिसरी.

त्यात कोबीच्या पानांना खिडक्या पडल्या. रोपं आणली त्यांवरच अंडी आली असणार. म्हणजे मी जाळीच्या कडा मातीत पुरून, वर विटा ठेवून अळ्यांना आत कोंडलं आणि त्यांना टिपणाऱ्या पक्ष्यांना बाहेर ठेवलं. शत्रूला इतकी चोख सुरक्षा कुणी दिली नसेल. हे त्या हसऱ्या माणसाच्या कागदावर कुठेही नाही. अळीचं चित्र काढायला असा किती वेळ लागतो?

जाळी उघडून ठेवली तर कोबी जातो, बंद ठेवली तर काकडी जाते. दोन्ही एकाच वाफ्यात लावणारा मीच, हेही कळतं. म्हणून ब्रश. काकडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवसात आटोपतं, म्हणून सात वाजता. बारीक देठाचं नर फूल शोधायचं, ब्रश फिरवायचा, मग मादी फुलाकडे जायचं. सगळं जाळीखाली अर्धं शिरून.

"रंग नाही," मी म्हणालो. "मधमाशीचं काम करतोय."

काका काही बोलले नाहीत. 'मी म्हणालो होतो' एवढंही नाही. ते नुसते आत गेले, आणि ते जास्त लागलं. दोन मिनिटांनी कुंपणावरून काहीतरी येऊन माझ्या पाठीवर आपटलं.

उशी होती. जुनी, चपटी, कोपऱ्यातून कापूस डोकावणारी.

"गुडघ्याखाली घे," काका म्हणाले.

घेतली. रागानेच घेतली. अजून सहा फुलं बाकी होती.