कुणी न विचारलेली दहा गाणी

डिसेंबर लागला की सोसायटीतली शहाणी माणसं हुरड्याचे बेत आखतात, गोव्याची तिकिटं बघतात, फार तर एक तारखेपासून चालायला जायच्या आणाभाका घेतात. मी दहा गाण्यांची यादी करायला बसतो. त्या वर्षी निघालेली, सिनेमात नसलेली, कुणीतरी स्वतःच्या हिमतीवर केलेली, म्हणजे हल्ली ज्यांना इंडी म्हणतात ती, आणि मला मनापासून आवडलेली दहा गाणी. ही यादी माझ्याकडे कुणीही मागितलेली नसते. पण एकतीस तारखेच्या आत ती कॉलेजच्या ग्रुपवर पडली नाही, तर वर्ष संपलंय यावर माझा विश्वास बसत नाही. बायको याला माझं ऑडिट म्हणते आणि तेवढे दिवस मला दळण आणायलाही पाठवत नाही.

२०२४ची यादी मात्र अगदी जिवावर आली.

सुरुवातच वाईट झाली. वर्षभर आपण काय ऐकलं याचा हिशेब हल्ली ॲपच रंगीबेरंगी करून हातात ठेवतं. मी मोठ्या आशेने उघडला. माझा वर्षातला सर्वांत आवडता कलाकार होता पाऊस. खरोखरचा पाऊस, पत्र्यावर पडणारा. नानांना रात्री झोप लागत नाही, म्हणून त्यांच्या उशाशी माझ्याच खात्यावरून रात्रभर पाऊस लावून ठेवतात. रोजचे सात-आठ तास. त्यापुढे साडेतीन मिनिटांच्या गाण्याने किती जीव काढावा? दुसऱ्या क्रमांकावर रामरक्षा होती, ती बायकोची. मी हताश होऊन फोन भाच्याला दाखवला, तर तो म्हणाला, "मामा, पण पाऊस इंडीच आहे ना? कुठल्याच कंपनीशी करार नाही त्याचा."

मग निकषांची भांडणं. आमच्या ग्रुपमध्ये एक वकील आहे. तो गाणी ऐकत नाही, पण नियम त्याचेच असतात. गाणं त्याच वर्षी निघालेलं हवं, हा त्याचा पहिला नियम. मी ओबामांचा दाखला दिला. प्रतीक कुहाड या आपल्याकडच्या गायकाचं 'कोल्ड/मेस' निघालं २०१८ साली आणि बराक ओबामांनी ते घेतलं २०१९च्या आवडत्या गाण्यांत. जगाला चाललं. वकील म्हणाला, "ते अमेरिकेचे माजी अध्यक्ष आहेत. तू सोसायटीचा माजी खजिनदार आहेस."

दुसरा नियम, गाणं स्वतंत्र हवं. इथे 'तांबडी चामडी' अडकलं. क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं हे मराठी गाणं, नाचायचं, म्हणजे बसून ऐकणं अशक्यच. त्या वर्षी माझ्या यादीत ते वरच होतं. पण ते काढलं स्पिनिन रेकॉर्ड्सने. ही नेदरलँड्सची कंपनी, आणि तीही २०१७पासून वॉर्नर या बड्या अमेरिकी संगीत कंपनीच्या मालकीची. मग याला स्वतंत्र म्हणायचं का? ग्रुपवर दोन दिवस तुंबळ झालं. इतिहासाच्या प्राध्यापकाने मध्येच सांगितलं, की डचांची वेंगुर्ल्याला वखार होती, आपल्या मालावर त्यांचा डोळा जुनाच आहे. वकिलाने ही टिप्पणी कामकाजातून काढून टाकली. गाणं मी ठेवलं. माझी यादी आहे.

हनुमानकाइंडच्या 'बिग डॉग्ज'ची अडचण वेगळी. केरळचा हा रॅपर जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये उभा राहून रॅप करतो आणि चहूबाजूंनी भिंतीवर गाड्या घोंघावत असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सगळ्यांना पाठवलं, कुणी उघडलं नाही. मग ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि ज्यांनी उघडलं नव्हतं तेच मला पाठवायला लागले.

इंडी ऐकणाऱ्याची खरी गोची इथेच आहे. आपलं गाणं कुणी ऐकत नाही तोवर 'या देशात कलेची कदर नाही' म्हणून आपण तळमळतो, आणि सगळे ऐकायला लागले की त्यातलं आपलं काही उरत नाही. काश्मीरच्या फहीम अब्दुल्ला आणि रौहान मलिकचं 'इश्क' मी उन्हाळ्यात भेटेल त्याच्या कानाला लावलं होतं. अक्षरशः. बसस्टॉपवरच्या एका गृहस्थांनी माझा इअरफोन कानातून काढून, रुमालाने पुसून परत दिला होता. आणि तुळशीच्या लग्नानंतर चिंचवडला एका संगीतच्या कार्यक्रमात नवरी त्याच गाण्यावर मंडपात आली. शेजारच्या काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे ऐकलंयस का रे? नवीन आलंय. तुम्ही आपली जुनीच ऐकत बसता."

मी हातातली जिलबी खाल्ली.

घरात वेगळीच परीक्षा होती. मी काहीही लावलं की नाना पलीकडच्या खोलीतून एकच विचारतात, "कुठल्या पिक्चरमधलं?" त्यांचं तरी काय चुकलं? बी. व्ही. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, आणि १९५२पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची सिनेमाच्या गाण्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. नानांची पिढी बुधवारी रात्री आठला रेडिओला चिकटून मोठी झाली. केसकर आपल्याकडचेच, म्हणून नाना त्यांना अजून घरच्या माणसासारखे शिव्या घालतात.

नानांकडे एक वही आहे. निळी शाई, पट्टीने आखलेले रकाने: पायदान (म्हणजे गीतमालेतला क्रमांक), गाणं, चित्रपट, मागच्या आठवड्याचं पायदान. खाडाखोड कुठेही नाही. माझी यादी फोनमध्ये आहे हे कळल्यावर त्यांना ते काही पटेना. "ते काय खरं? उद्या फोन पडला तर?" असं म्हणून त्यांनी स्वतःच ती वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्यायला घेतली. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. 'चित्रपट' हा रकाना सगळीकडे रिकामा राहायला लागला. नानांना रिकामा रकाना सहन होत नाही. त्यांनी जरा विचार केला आणि दहाही ओळींत व्यवस्थित लिहिलं, 'खासगी'.

त्यातलं एक त्यांनी ऐकलंही. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा दिल्लीचा बँड. नावावरून वाटतं जीएसटी भरत असतील. ऑगस्टमध्ये त्यांचा 'बीटा' अल्बम आला, आणि माझं पहिल्या क्रमांकाचं गाणं त्यातलंच. गाणारा असा गातो, की पार्टी संपलीय, खुर्च्या उलट्या टाकल्यात आणि हा अजून घरी गेलेला नाही. नाना म्हणाले, "हा काय म्हणतोय ते कळत नाही." मग ट्रम्पेट आलं. नानांनी चष्मा काढला. सी. रामचंद्रांकडे वाजवणारे चिक चॉकलेट, गोव्याचे, ते कसे वाजवायचे यावर अर्धा तास व्याख्यान झालं. शेवटी म्हणाले, "पोरांचा ट्रम्पेटवाला बरा आहे. त्यांना म्हणावं, एखाद्या पिक्चरमध्ये वाजवा."

यादीतलं सातवं गाणं तुम्हाला कुठे सापडणार नाही. कोरेगाव पार्कात एका संध्याकाळी ऐकलं. वेळ आठची, पोरगी गिटार घेऊन आली सव्वानऊला. तिथे खुर्च्या नसतात. इंडी संगीत उभ्यानेच ऐकायचं असतं, आणि माझा डावा गुडघा बैठकीच्या मैफलीत वाढलेला. शेजारच्या पोराने फार अदबीने विचारलं, "अंकल, तुम्ही तिचे वडील का?" तेवढ्यात पलीकडच्या बाई वळल्या. त्या तिच्या आई होत्या. मला आपादमस्तक न्याहाळून त्या ठामपणे म्हणाल्या, "नाही." पण त्या पोरीने शेवटी मराठीतलं एक गाणं म्हटलं, दोन-तीन कॉर्डचं, मध्ये एकदा ओळ विसरली, हसली आणि तिथूनच पुढे गेली. मी गुडघा विसरलो. सगळं वर्ष पालथं घातलं तरी असं गाणं दुसरं सापडलं नसतं. तरी सातवं का, असं वकिलाने विचारलं. कारण गुडघ्याचे गुण कापावे लागले.

एकतीसला रात्री यादी टाकली. वकिलाने दोन हरकती नोंदवल्या, एकाने अंगठा दिला, बाकी सगळं शुभेच्छांच्या फुलांखाली गाडलं गेलं. तीच यादी मी घरच्या ग्रुपवरही टाकली होती, कारण मला कुठे थांबावं ते कळत नाही. तिथे मावशीने विचारलं, "यातलं वास्तुशांतीला लावण्यासारखं एखादं आहे का रे?"

मी सातव्याचं फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं. जानेवारीत तिच्या नव्या फ्लॅटमध्ये होमाचा धूर निवत असताना ते लागलं. गुरुजींनी पळी खाली ठेवून पूर्ण ऐकलं, आणि दक्षिणा घेताना मावशीला म्हणाले, "ते गाणं पाठवा मला. आमचा दोनशे जणांचा ग्रुप आहे, त्यावर टाकतो."

गेलं. तेही गेलं.