आमच्या कंपाउंडवरचा बोधिसत्त्व

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पूर्वी कलेचा कोणाला त्रास होत नसे, कारण ती गावापासून सोयीस्कर अंतरावर होती. अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आणि वेरूळ तीस. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना गाडीत घालून लेणी दाखवून आणायची, पायऱ्या चढताना आपल्याला लागलेला दम त्यांना दिसू द्यायचा नाही, येताना फर्दापूरच्या फाट्यावर घासाघीस करून एखादा चकाकणारा दगड विकत घ्यायचा आणि पुढचे पाहुणे येईपर्यंत कला हा विषय बंद ठेवायचा, अशी येथील घरोघरीची रीत होती. या रीतीने मी इतके पाहुणे पार पाडले आहेत, की अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रातील पद्मपाणी बोधिसत्त्वानेही एव्हाना मला ओळखायला हरकत नव्हती. तो नजर खाली ठेवून उभा असल्यामुळे तसे घडले नाही, एवढेच.

आता मात्र कलाच शहरात राहायला आली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० च्या निमित्ताने डब्ल्यू-२० या महिलाविषयक गटाची बैठक येथे भरली, त्या सुमारास रस्त्याकडेला जे जे उभे आणि स्थिर होते त्याला रंग लागला, आणि ते लोण पुढे थांबले नाही. शासकीय कला महाविद्यालय शहरात कैक वर्षांपासून आहेच. पण तेथील मुले पूर्वी मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन भडकल दरवाजासमोर किंवा पाणचक्कीच्या कट्ट्यावर निमूट स्केचिंग करत बसत आणि त्यांचा कोणाला उपद्रव नसे. हल्ली प्रदर्शने भरतात, रविवारी कॅफेमध्ये जलरंगांच्या कार्यशाळा होतात, ओळखीतल्या निम्म्या लोकांची मुले ‘आर्टिस्ट’ झाली आहेत आणि स्वतःच्या मालकीची कंपाउंडची भिंत बाळगणारा कोणताही गृहस्थ सुरक्षित राहिलेला नाही.

माझी भिंत बीबी का मकबऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लांब, सरळ, मध्ये खिडकी नाही की कोनाडा नाही. तिच्यावर तोवर ‘बोअर मारून मिळेल’, ‘टँकर मिळेल’ आणि ‘येथे गाडी लावू नये’ असे तीन मजकूर होते. पैकी पहिले दोन परक्यांनी रातोरात छापलेले होते आणि तिसरा माझा होता. खरे सांगायचे तर उन्हाळ्यात टँकरवाल्याचा नंबर शोधण्यासाठी संपूर्ण गल्ली आमच्या भिंतीपाशी येत असे आणि भिंतीकडून समाजाची यापेक्षा अधिक सेवा व्हावी, असे मला कधी वाटले नव्हते.

एका सकाळी हातात मोजपट्टी घेतलेली चार-पाच मुलेमुली फाटकात उभी राहिली.

“काका, तुमची भिंत पायजे होती.”

“कशाला?”

“चित्र काढायचंय. फुकटच काढायलोत, काका. रंग बी आमचाच.”

फुकट या शब्दाने मराठवाड्यातला माणूस सावध होतो, परंतु आमच्या सौ. चहा टाकायला आत गेल्या होत्या, याचाच अर्थ निर्णय झालेला होता. प्रश्न फक्त विषयाचा उरला. सौ.ना पैठणीवरचा बांगडी मोर हवा होता. “अंगावर आला नाही, तो निदान भिंतीवर तरी येऊ द्या,” असे त्यांनी मुलांसमोरच स्पष्ट केले. मी निसर्गदृश्य सुचवले, कारण एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन या सर्वांत मिळून मला जे थोडे गुण पडले होते, त्यांतून माझी रुची तेवढीच घडली होती. मुलांनी दोघांचेही आदराने ऐकून घेतले आणि पद्मपाणी काढायचे ठरवले. या शहरात सगळ्या सूचना शेवटी पद्मपाणीपाशीच येऊन थांबतात. तो हॉटेलांच्या स्वागतकक्षात आहे, मंगल कार्यालयांत आहे, आणि आता आमच्याकडेही येणार होता.

काम सुरू झाल्यावर मला माझे ज्ञान आवरेना. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडकावर मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग खनिज रंग वापरले, निळ्यासाठी लाजवर्द हा निळा दगड थेट अफगाणिस्तानाकडून आला, हे मी मुलांना शिडीखाली उभे राहून सांगितले. त्यावर मुलीने रंगाचा डबा ढवळत “आमचा गुलमंडीतून आलाय, काका,” एवढेच उत्तर दिले. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे खपून काढलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या, पुढे ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या, तर त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. हा करुण इतिहास ऐकून मुले क्षणभर थांबली. सौ. मात्र चहाचे कप गोळा करता करता म्हणाल्या, “आपल्या भिंतीला आग नाही लागायची. ओल आहे तिच्यात.”

चित्र उत्तम झाले, हे मी नाकारत नाही. त्या मुलांच्या हातात विद्या होती. भुवईची ती एका दमात ओढलेली कमान पाहून शेजारचे निवृत्त तलाठीसुद्धा काही वेळ गप्प राहिले, आणि ही घटना आमच्या गल्लीत दुर्मीळ आहे. अडचण एवढीच झाली, की विजेच्या मीटरची पेटी नेमकी बोधिसत्त्वाच्या उजव्या हाताशी, निळ्या कमळाच्या जागी आली. मुलांनी युक्तीने कमळ पेटीच्या झाकणावरच रंगवले. त्यामुळे रीडिंग घ्यायला येणारा मनुष्य दर महिन्याला कमळ उघडतो, आतल्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढतो आणि कमळ मिटून पुढच्या घरी जातो. शिवाय पद्मपाणीची ती जगप्रसिद्ध खाली झुकलेली नजर थेट आमच्या उघड्या गटारावर पडते. त्या नजरेतली करुणा इतकी समर्पक मला अजिंठ्यातही वाटली नव्हती.

यानंतर आमचे घर प्रेक्षणीय स्थळ झाले. मकबऱ्याकडे जाणारे रिक्षावाले आमच्यापुढे रिक्षा थांबवून “ये देखो, अजंता पेंटिंग, यहींच देख लो, उतना दूर कायकू जाते,” असे सांगू लागले. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. त्यामुळे सोमवारी अजिंठ्याचे आणि मंगळवारी वेरूळचे हिरमुसलेले पर्यटक आमच्याकडे वळू लागले. त्यांना पिण्याचे पाणी लागते, बसायला खुर्ची लागते, लहान मुलांना ‘आत जाऊन येऊ का’ असे विचारावे लागते. ज्या घरात नळाचे पाणी कधी येणार हे पंचांग पाहूनही कळत नाही, तेथे हा प्रश्न किती नाजूक आहे, हे बाहेरगावच्या माणसाला समजावता येत नाही. एका गृहस्थांनी मला “हे ओरिजिनल आहे का?” असे विचारले. मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे फसवले गेल्यासारखे पाहिले.

प्री-वेडिंगच्या जोडप्यांचा प्रकार आणखी वेगळा. एके दिवशी ऊन पाहून सौ.नी भिंतीवर गोधडी टाकली होती आणि तिचे टोक बोधिसत्त्वाच्या मुकुटावर लोंबत होते. फोटोग्राफर दिसताच मी ओशाळून ती काढू लागलो, तर तो ओरडला, “राहू द्या काका, टेक्स्चर भारी यायलंय!” तेव्हापासून सौ.ना आपल्या गोधड्यांविषयी आदर वाटू लागला आहे आणि वाळत घातलेल्या माझ्या लुंग्या मात्र मागच्या अंगणात हद्दपार झाल्या आहेत. त्यांना टेक्स्चर नाही.

भिंतीवर नावे लिहिणाऱ्यांचा बंदोबस्त करणे हेही माझ्याच अंगावर आले. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीच्या नादात अजिंठा पाहिला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर चित्रावरच आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. परंपरा इतकी जुनी असल्यावर नव्या पिढीला दोष तरी कसा द्यायचा? आमच्याकडे नावाभोवती बदामही काढतात, एवढाच काय तो फरक. तलाठीसाहेबांनी चित्रावर वॉर्निश मारून घेण्याचा सल्ला दिला. निजामाच्या राजवटीत, १९२० च्या सुमारास, इटलीहून आलेल्या जाणकारांनी अजिंठ्याच्या चित्रांवर असाच लाखेचा हात दिला आणि तो पुढे पिवळा पडला, हे मी त्यांना ऐकवले. त्यावर ते म्हणाले, “मग इटलीचं नका आणू. आपल्या शहागंजातलं आणा.”

पावसाळ्यात सौ.ची ओल खरी ठरली. पद्मपाणीच्या डाव्या गालावर फुगा आला, मग त्याचा पापुद्रा सुटला, आणि त्याखालून ‘टँकर मि’ इतकी अक्षरे पुन्हा दिसू लागली. मी हवालदिल होऊन मुलांना बोलावले. ती आली आणि भिंतीपुढे उभी राहून वाद घालू लागली. गेलेला भाग पुन्हा रंगवावा की नाही, यावर त्यांच्यात दोन पक्ष पडले. मूळ नाही तेथे नवे चित्र काढणे हे संवर्धनशास्त्रात बसत नाही, साध्या मातकट रंगाने जागा भरून ठेवावी, असे एका पक्षाचे ठाम मत होते. दुसऱ्या पक्षाला चहा झाल्यावर तेच पटले. इकडे पर्यटक मात्र वाढले. गाल गेल्यामुळे चित्र आता खरोखरीच लेण्यातल्यासारखे दिसते, असे त्यांचे म्हणणे पडले आणि मला ‘ओरिजिनल आहे का’ असे विचारणारे पुन्हा विचारू लागले.

हे सर्व तलाठीसाहेबांना सहन होणे शक्य नव्हते. “कशाला नसता ताप मागं लावून घेतला?” असे मला वर्षभर विचारणाऱ्या या गृहस्थांनी एक दिवस स्वतःच मुलांना गाठून आपल्या भिंतीवर वेरूळचे कैलास लेणे काढायला सांगितले. कैलास वरून खाली, कळसापासून पायथ्यापर्यंत कोरत आणले, हे त्यांनी कोठेतरी वाचले होते, म्हणून चित्रही त्याच क्रमाने काढले जावे असा त्यांनी आग्रह धरला. मुलांनी तो मानला. परीक्षा जवळ आल्या, रंग संपला, आणि साहेबांची नव्या रंगाचे पैसे देण्याची तयारी नव्हती. त्यामुळे आज त्यांच्या भिंतीवर शिखर आणि त्याखालचा एक मजला एवढेच असून उरलेले मंदिर सिमेंटमध्ये आहे. साहेब फाटकात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला “खालचं अजून खडकात आहे,” असे गंभीरपणे सांगतात.

रिक्षा आता आमच्यापुढे न थांबता तेथे थांबतात. सौ.ना पाणी पुरू लागले आहे आणि मला दुपारची झोप मिळते. तरीही परवा ती मुले रस्त्यात भेटली, तेव्हा पद्मपाणीच्या उजव्या गालाचाही थोडा पापुद्रा काढून मिळेल का, याची मी सहज चौकशी करून ठेवली आहे.